अर्जदाराचं नाव

२४ ऑक्टोबर २०१८

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढला. फटाक्यांबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय. दिवाळीत रात्री आठ ते दहा, एवढे दोनच तास. लडी तर पूर्ण बंद, दिवाळी असो नाहीतर लग्न. आवाजाला मर्यादा. आणि हे पाळलं गेलं नाही तर त्या भागातल्या ठाणेदाराला जबाबदार धरणार. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. पंधरा वर्षं झाली मला क्रांती चौकात झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायला. कोण जबाबदार ते स्पष्ट लिहिलेला कागद इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा हाताखालून गेला असेल.

झेरॉक्सवाल्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "दस बजे के बाद पोलीस घर घर जाके माचिस छीनेंगे क्या, ताई?" हसण्यावारी नेतात सगळं. मी ते कात्रण कापून फाइलला लावलं.

८ नोव्हेंबर, पाडवा

काल लक्ष्मीपूजन झालं. दहाला सगळं थांबेल असं मला वाटलं होतं, पण आमच्या मुकुंदवाडीत दहाला खरी सुरुवात झाली. समोरच्या गल्लीत पत्र्याच्या डब्याखाली सुतळी बॉम्ब ठेवून उडवत होते. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी शंभर नंबर लावला. माझं नाव, नवऱ्याचं नाव, घर नंबर, गल्ली असं ओळीनं सांगायला लागले तर पलीकडचा माणूस म्हणतो, "ताई, नाव राहू द्या. आवाजाच्या तक्रारीला नाव लागत नाही. फक्त जागा सांगा." मी म्हटलं, लिहून घ्या. वीस मिनिटांत गाडी आली, पोरं पांगली. गाडी गेली आणि पोरं परत आली.

आमचे हे, अंगद, अंथरुणावरूनच म्हणाले, "नाव कशाला देत बसलीस? उद्या गल्लीत तोंड दाखवायचंय ना?" मी म्हटलं, निनावी तक्रार ही काय तक्रार असते का? निनावी अर्ज सरळ टोपलीत जाताना मी डोळ्यांनी पाहिलेत. ज्याला खाली सही करायची हिंमत नाही त्यानं वर मजकूर लिहू नये. यांनी डोक्यावरून चादर घेतली. कंपनीत पाळी होती म्हणे सकाळची. यांची पाळी बरोबर वेळेवर आठवते.

२१ नोव्हेंबर

माझे आबा आणि माय आले. बरोबर एकशेतीस मेंढ्या.

गावात, फुलंब्रीच्या वर, दसऱ्यापासून विहिरीला पाणी नाही. सरकारनं दुष्काळ जाहीर केलाय आणि टँकर आठ दिवसांनी येतो, तोही माणसांपुरता. एरवी आबा दिवाळी झाली की थेट पैठणच्या अंगाला उतरतात आणि मिरगापर्यंत गोदाकाठीच असतात. यंदा तेवढं चालणं जमण्यासारखं नाही. चौतीस मेंढ्या गाभण आहेत आणि दिवस भरत आलेत. गाभण मेंढी लांब चालवली की गाभडते, पोटातलं पडतं. म्हणून त्या व्याईपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या निम्म्यापर्यंत, शहराच्या कडेलाच थांबायचं ठरवलंय. मग कोकरं उचलून पुढे.

तळ टाकलाय तात्यासाहेबांच्या प्लॉटांवर. बायपासच्या मागे त्यांचं लग्नाचं लॉन आहे, त्याच्या पाठीमागे. पूर्वी ते सगळं ज्वारीचं रान होतं. तीस वर्षं आबांच्या मेंढ्या हिवाळ्यात तिथं खतासाठी बसायच्या. आता रान राहिलं नाही, चुना मारलेले दगड राहिलेत. पण तात्यासाहेब आबांना म्हणाले, "बस मल्हारी. इकले नाय तवर तुझेच समज." बोलायला काय जातंय. प्लॉट विकलेच जात नाहीत, पाणी नसलेल्या ठिकाणी कोण घर बांधणार.

मी विचारलं, "आबा, मेंढ्यांना पाण्याचं काय?"

"सोय हाय."

आबांकडून याच्यापुढे एक शब्द निघत नाही.

२ डिसेंबर, रविवार

सुट्टी म्हणून सकाळीच तळावर गेले. माय लेंड्यांच्या पाट्या भरभरून लॉनच्या मागच्या दाराशी नेऊन टाकत होती. त्या खतावर लॉनचं गवत पोसतं. तिला विचारलं, काय देतात याचं? म्हणाली, "द्यायचं काय त्यात. आपून ऱ्हातो ना इथं." साठी उलटलेली बाई, पाठ वाकलेली, आणि रोज सकाळी फुकट खत वाहते. वर दुधाची बरणीही मागच्या दारानं आत जाते. आमच्या लोकांना राबून घेतलेलं कळतच नाही.

आणि ते गवत बघावं. जिल्हा करपलाय आणि तिथं कारंजी उडतायत, कुणाच्या तरी लग्नात फोटो हिरवे यावेत म्हणून. माझं डोकं फिरलं. आबांना तसं म्हटलं तर ते मेंढीच्या खुरातला काटा काढत होते, काढतच राहिले.

१२ डिसेंबर

लग्नसराई सुरू झाली. संध्याकाळी मी तळावर होते, मायच्या गुडघ्याचं मलम द्यायला गेले होते. साडेसातला लॉनच्या गेटवर वरात आली. बँड चालला, घोडा चालला, मेंढ्यांनी कान टवकारले पण बसून राहिल्या. मग लड पेटवली. दहा हजाराची असावी, गेटपासून रस्त्यापर्यंत अंथरलेली. सहा-सात मिनिटं ती वाजत होती. मध्ये मध्ये बॉम्ब.

मेंढ्या ज्या जाळीत कोंडतो तिला आमच्यात वाघूर म्हणतात. अख्खा कळप एका कोपऱ्यात घुसला आणि वाघूर मेखांसकट उपटली. एकमेकींवर चढत होत्या. खालच्या चेंगरत होत्या. आबा दोन्ही हात पसरून त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभे राहिले आणि "हर्र, हर्र" करत राहिले. त्यांचा आवाज मला चार हातांवर ऐकू येत नव्हता, मेंढ्यांना काय येणार. माय एका मेंढीच्या गळ्याला मिठी मारून बसली होती.

लड संपल्यावर तिकडे टाळ्या झाल्या.

१३ डिसेंबर

सकाळी दोन गाभडलेल्या. मी कामावर जायच्या आधी गेले तेव्हा मायनं पडलेली कोकरं प्लॉटच्या कोपऱ्यात पुरून टाकली होती. त्यातल्या एकाला लोकर आली होती म्हणे अंगावर. मेंढी जागा हुंगत फिरत होती.

मी आबांना म्हटलं, जा आणि तात्यासाहेबांना सांगा. आबा म्हणाले, "लग्न हाय लोकाचं. त्यान्ला काय सांगायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हतं आसं."

होतं असं. या दोन शब्दांवर आमच्या सात पिढ्या गेल्या. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

१४ डिसेंबर

दुपारी ठाण्यात गेले. हवालदार सांडू म्हणून आहेत, पन्नाशीचे, नाकावर चष्मा. नीट बोलले, खुर्ची दिली. मी कात्रण समोर ठेवलं.

"लडीला बंदीच हाय, ताई. लग्नात बी," ते म्हणाले. "पुन्हा पेटवली की तिथूनच शंभरला फोन करा, नायतर मला करा, हा घ्या नंबर. गाडी येती, जागेवर बंद करती. नाव सांगू नका. कुणी फोन केला ते आमी बी इचारत नाय."

मी आवाजाच्या मापाचं विचारलं. चार मीटरवर एकशे पंचवीस डेसिबलची मर्यादा आहे. म्हणाले, त्याला मशीन मागवावं लागतं, माणूस चार मीटर मोजून उभा करावा लागतो, तोवर वरात जेवायला बसलेली असते. "तुमी मापाच्या भानगडीत पडू नका. लड हाय, लड बंद हाय, खलास."

लॉनच्या जवळच एक शाळा आहे, तिचं विचारलं, शाळेपासून शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र नसतं का? तर ते आधी सरकारनं घोषित केलेलं असावं लागतं. म्हणजे शाळा आहे, पोरं आहेत, पण शांतता अजून घोषित व्हायची आहे.

माणूस भला आहे, पण ठाण्यात बसून बसून सगळं फोनवर आलं यांचं. फोनची पोच मिळते का? उद्या कुणी विचारलं, तक्रार कुठाय, तर काय दाखवू? म्हणून लेखीच द्यायचं ठरवलं.

१६ डिसेंबर, रविवार

आयुष्यात इतका चांगला अर्ज मी टाइप केला नसेल. निकालाची तारीख टाकली. ध्वनिप्रदूषणाचे नियम टाकले. "सदर लॉनचे मालक यांनी बंदी असलेल्या लडी आपल्या आवाराच्या प्रवेशद्वारी वाजवू दिल्याने अर्जदाराच्या गाभण मेंढ्या भयभीत होऊन दोन मेंढ्यांचा गर्भपात झाला असून उर्वरित बत्तीस मेंढ्यांच्या जिवास धोका आहे." उर्वरित शब्द मला आवडतो. प्रत वरिष्ठांना माहितीसाठी. तीन प्रती काढल्या.

अर्जदार कोण याचा विचार केला. ज्याचं नुकसान त्याचा अर्ज, हा पहिला नियम. माझ्या नावानं दिला तर विचारतील, तुमचा संबंध काय? तुम्ही तर दोन किलोमीटरवर राहता. म्हणून अर्जदार: मल्हारी, वय सदुसष्ट, धंदा मेंढपाळ, राहणार तात्यासाहेबांचे प्लॉट, लॉनच्या मागे.

संध्याकाळी सही घ्यायला गेले. आबांना सही येते, मीच चौथीत असताना शिकवली होती. त्यांनी विचारलं, "कशाचा कागद हाय?"

"मेंढ्यांसाठी आहे."

ते छावणीचा किंवा चाऱ्याचा समजले असावेत. मी खोटं काही बोलले नाही. मेंढ्यांसाठीच होता. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून तिन्ही प्रतींवर सावकाश सही केली आणि म्हणाले, "तू हायेस म्हनून बरं हाय, अंबे."

१८ डिसेंबर

काल परत लग्न. परत लड, आधीच्याहून मोठी. मी घरी होते, मायचा फोन आला तेव्हा मला फोनमधूनच ती ऐकू येत होती. आज सकाळी अजून दोन गाभडल्या. एकूण चार. हातानं खोडून "दोन"चे "चार" आणि "बत्तीस"चे "तीस" केले, शेजारी आद्याक्षरं केली आणि दहा वाजता ठाण्यात नेऊन दिला. पोच घेतली, शिक्का, तारीख, आवक क्रमांक.

यांनी जेवताना विचारलं, "काल लड वाजत होती तेव्हा त्या सांडूंना फोन का नाही केला?" मी म्हटलं, अर्ज तयार होता. यांना कामकाजातलं काही कळत नाही.

१९ डिसेंबर

काम झालं.

सांडू हवालदार आज सकाळी अर्जदाराचा जबाब घ्यायला तळावर गेले. नेमके तात्यासाहेब तिथं होते. ते म्हणे अधूनमधून येतात, आबांच्या बाजेवर बसून मेंढीच्या दुधाचा चहा पितात, जुन्या ज्वारीच्या गप्पा करतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांडूंनी विचारलं, मल्हारी कोण? आबा म्हणाले, मी. मग त्यांनी अर्ज वाचून दाखवला, सगळा, आणि लॉनचे मालक शेजारीच बसलेले.

मायनं सांगितलं ते असं. तात्यासाहेबांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. म्हणाले, "मल्हारी, तुला त्वांड नव्हतं व्हय रं?" आणि उठून गेले. सांडूंनी आबांना विचारलं, हे खरं आहे का? सही तुमची का? आबा म्हणाले, "सही मपली हाय. चार गाभडल्या त्ये बी खरं हाय."

तात्यासाहेबांनी दुपारी ठाण्यात जाऊन लिहून दिलं, यापुढे लड वाजू देणार नाही म्हणून. संध्याकाळी मी मुद्दाम लॉनवरून गेले तर गेटवर पाटी लागलेली: "फटाके व लडी वाजवण्यास सक्त मनाई. नियम मोडल्यास बुकिंग रद्द." पाटीचा फोटो काढला. पंधरा वर्षांत माझा एक अर्ज चोवीस तासांत निकाली निघाला. मी आज घरी शिरा केला.

तळावर मात्र आबा माझ्याशी बोलले नाहीत. दमले असतील.

२१ डिसेंबर

संतापानं अक्षर वाकडं येतंय.

आज दुपारी गेले तर माय डोक्यावर हंडा आणि दोन्ही हातांत कॅन घेऊन स्टेशनकडून येत होती. मुकुंदवाडी स्टेशनच्या नळावरून. दोन दिवस ती आणि आबा असंच पाणी वाहतायत. एकशेतीस मेंढ्यांना हंड्यानं पाणी. मेंढ्या कोरड्या जिभेनं दगडं चाटत होत्या. मी विचारलं, इतके दिवस कुठून प्यायच्या मग? माय म्हणाली, "लॉनच्या हौदावं." तात्यासाहेबांनी पहिल्या दिवशीच मागचं दार उघडून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ अख्खा कळप हौदावर जायचा. बोअरचं पाणी, रोज.

म्हणून ते खत आणि दूध. मग हे आधी कुणी का नाही सांगितलं मला? मी विचारलं होतं आबांना, समोरासमोर विचारलं होतं.

पण तो मुद्दा वेगळा. मुद्दा हा की अर्ज दिला म्हणून या माणसानं मुक्या जनावरांचं पाणी तोडलं. मी तशीच लॉनच्या ऑफिसात गेले. तात्यासाहेब एकटेच हिशेबाच्या वहीसमोर बसले होते, सत्तरीचा माणूस, डोक्याला टोपी. मी उभ्यानंच सुनावलं. कायद्यानं वागायला सांगितलं तर त्याचा सूड जनावरांवर काढता का, मोठे लोक तुम्ही, उद्या याचाही अर्ज करीन. ते मला मध्ये तोडत नव्हते. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं का, बाई? आता मागं जाऊन ये."

मागे गेले. दार सताड उघडं होतं. हौद काठोकाठ भरलेला.

परत आले तर म्हणाले, "दोन दिस झाले, मी सोता जाऊन दोनदा सांगितलं. त्योच येईना." मग वही मिटून म्हणाले, "येका सबदानं बंद केली आसती मी लड. पर त्यो बोलला नाय, आन् मला बी उमगलं नाय. माझ्या कानाला आता ऐकू कमी येतं, बाई."

एका शब्दानं बंद केली असती, हे आता म्हणायला सोपं आहे.

२२ डिसेंबर

आबांशी भांडले. असं त्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते.

मी म्हटलं, दार उघडं आहे, माणूस बोलावतोय, मेंढ्या तहानेनं मरतायत आणि तुम्ही कसला मान धरून बसलात?

आबा म्हणाले, "मान नाय त्यो. ज्याचं पानी पेतो त्याच्यावर कागद करायचा नसतो. आन् केला, तर मग त्याचं पानी प्यायचं नसतं."

"कागद मी केला. तुम्ही नाही."

"सही कुनाची हाय?"

"मग परत घेऊ. मी आत्ता टाइप करते, तक्रार नाही म्हणून."

आबा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "चार मेंढ्या गाभडल्या त्या काय खोट्या हायत? मपल्या सहीनं मी खरं लिवलं. आता पान्यासाठी त्ये खोटं म्हनू?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

तिथून ठाण्यात गेले. सांडूंना म्हटलं, अर्जावरचं नाव बदलता येईल का? अर्जदार म्हणून माझं घाला. ते म्हणाले, आवक झालेल्या कागदावर असं करता येत नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "लडीचं काम फोनवर झालं आसतं, ताई. नाव कुनाचंच आलं नसतं."

हे त्यांनी मला आधी नीट समजावून सांगायला हवं होतं.

२४ डिसेंबर

आबा आज सकाळी निघाले. पैठणच्या वाटेनं, गोदाकाठाकडे. तीस गाभण मेंढ्या घेऊन. मी काल संध्याकाळी हात जोडले, पाण्याचा टँकर मी विकत आणून देते म्हटलं, हेही तयार होते. आबा म्हणाले, किती दिवस आणशील, आणि कुणाच्या जागेत उतरवशील? जागाही त्याचीच आहे.

मायनं वाघूर गुंडाळली, घोड्यावर बिऱ्हाड लादलं. मी रजा टाकली होती, बायपासपर्यंत गेले. लॉनच्या गेटवर तात्यासाहेब कडब्याच्या चार पेंढ्या घेऊन उभे होते. आबांनी त्यांना लांबूनच हात जोडला आणि पुढे गेले. तात्यासाहेबांनी पेंढ्या खाली ठेवल्या. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. मला वाटत होतं कुणीतरी बोलावं.

बायपासवर ट्रकवाले हॉर्न मारत होते. मी मध्ये उभी राहून हातानं गाड्या थांबवल्या. एका कारवाल्यानं काच खाली करून विचारलं, "ए मावशी, जनावरं शहरात कशाला आणता?" त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

२८ डिसेंबर

मायचा फोन. बिडकीनच्या पुढे आहेत. चार दिवसांत सात गाभडल्या. तिसऱ्या दिवशी एका मेंढीला उठताच येईना, आबांनी तिला खांद्यावर घेऊन चार कोस नेलं, तरी गेली. वाटेत पाणी मिळालं ते गाळाचं.

लडीनं चार. चालण्यानं सात, आणि एक मेंढी. हे मी लिहून ठेवतेय कारण खरं ते लिहायची मला सवय आहे. पण यात दोष कोणाचा ते मला मांडता येत नाही. लडी वाजवणाऱ्यांचा आहेच, तो मी कधीही सोडणार नाही. दुष्काळाचा आहे. तात्यासाहेबांना लग्नाची बुकिंगं दिसली, मागच्या मेंढ्या दिसल्या नाहीत, तो आहे. आबांच्या हट्टाचा आहे. आज दिवसभर टेबलावर बसून मी ही यादी करत होते आणि एका गिऱ्हाइकाचं नाव दोनदा चुकीचं टाइप केलं.

फोन आबांनी घेतला नाही. माय म्हणाली, मेंढ्यांकडे आहेत. मागून त्यांचा खोकला ऐकू येत होता.

२९ डिसेंबर

आज लॉनवर मोठं लग्न होतं. कुणा बिल्डरच्या मुलीचं, रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या. मी साडेसहालाच जाऊन समोरच्या टपरीवर बसले. सांडूंचा नंबर मोबाइलवर काढून ठेवला होता. यांना सांगितलं नाही.

सात वाजले, वरात आली. बँड वाजला. घोडा नाचला. नवरदेवाच्या मित्रांनी एक खोका आणला, मी उठून उभी राहिले. खोक्यातून रंगीत कागदाचे तुकडे निघाले. ते हवेत उडवले आणि सगळे आत गेले.

साडेआठपर्यंत मी बसून होते. खरं सांगते, एकदा तरी वाजावी असं वाटत होतं. एक छोटी लड. म्हणजे मी फोन केला असता, गाडी आली असती, आणि कुणाला तरी ओढून नेलं असतं. पण नाही. इतकं नियमानं लग्न या शहरात मी पाहिलं नव्हतं. टपरीवाला कप विसळत म्हणाला, "क्या ताई, किसकी राह देख रहे?"

घरी पोचले आणि सांडूंचा फोन आला. आज ते स्वतः गेटवर थांबले होते म्हणे. "ताई, येक टिकली बी वाजली नाय. आता येक बी लड वाजणार नाय तिथं, माझा शबुद. वडलान्ला सांगा, निवांत ऱ्हावा म्हणावं." त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगितलं नाही. "सांगते," म्हटलं.

मग आबांचा नंबर लावला. मायनं उचलला. मी सांगितलं, माय, लॉनवर आज लग्न होतं, पण फटाका वाजला नाही. एकही नाही.

"बरं झालं," माय म्हणाली. "पोटुशी बायाबी ऱ्हात्यात तिथं आसपास."